सीटी स्कॅन नॉर्मल आला, मग डोकं अजून का दुखतंय?

दुचाकीवरून पडल्यावर, कबड्डीत कुणाचा गुडघा डोक्यात बसल्यावर किंवा बाउन्सर हेल्मेटवर आदळल्यावर हॉस्पिटलात सीटी स्कॅन होतो. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहून येतं आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण त्या माणसाला पुढचे दोन-तीन आठवडे उजेड सोसत नाही, वाचायला घेतलं की दहा मिनिटांत डोकं ठणकतं, गर्दीत गरगरतं, शब्द आठवत नाहीत, झोप बिघडते. मग कुणीतरी म्हणतंच, ‘स्कॅन तर क्लिअर आहे ना? मग आता काय?’

स्कॅन क्लिअर आहे हे खरं आणि त्रास होतोय हेही खरं. सीटी स्कॅनला विचारलेला प्रश्न वेगळा असतो आणि मेंदूत घडलेलं वेगळं असतं. गेल्या वीसेक वर्षांत एमआरआयच्या प्रगत तंत्रांनी हे अंतर बरंच उलगडलं आहे. त्यातून निघालेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी: त्रास थांबण्याची तारीख आणि मेंदूचं काम पूर्ववत होण्याची तारीख एकच असेल असं नाही, दुसरी बऱ्याचदा मागाहून येते. मात्र हीच तंत्रं आजच्या घडीला एखाद्या रुग्णाकडे बोट दाखवून ‘हा बरा झाला’ किंवा ‘हा नाही झाला’ असं सांगू शकत नाहीत. या लेखात दोन्ही बाजू घेतल्या आहेत, कारण एकच बाजू ऐकली की एक तर रुग्णावर अविश्वास दाखवला जातो किंवा महागड्या स्कॅनवर उगाच पैसे जातात.

हादरा बसतो म्हणजे नेमकं काय होतं

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, सौम्य मेंदूइजेचाच एक प्रकार. ‘सौम्य’ कशाला म्हणायचं याचे ठरलेले निकष आहेत: ग्लासगो कोमा स्केलवर (रुग्ण किती भानावर आहे हे मोजणारी पट्टी) १३ ते १५ गुण, शुद्ध हरपलीच तर ३० मिनिटांपेक्षा कमी वेळ आणि अपघातानंतरच्या आठवणीतली पोकळी २४ तासांपेक्षा कमी. शुद्ध जायलाच हवी असं नाही. मैदानावर कन्कशन झालेल्या बहुतेक खेळाडूंची शुद्ध जातच नाही.

ऑक्सफर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनचे मेंदू बनवून दाखवलं की खरा घात डोकं गर्रकन फिरण्याने होतो. मेंदू दाबला जाणारा पदार्थ नाही, पण तो मऊ असल्यामुळे चटकन पिळवटला जातो. डोकं एकदम फिरलं आणि थांबलं की आतले थर एकमेकांवरून सरकतात, आणि त्या थरांमधून जाणारे लांब चेतातंतू ताणले जातात. हेल्मेट कवटी फुटण्यापासून आणि रक्तस्रावापासून जीव वाचवतं, पण डोकं फिरण्याचा वेग तितकासा कमी करत नाही. म्हणून हेल्मेट असूनही कन्कशन होतं. (होलबर्न ज्यांच्यासोबत काम करत ते न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स. १९३५ मध्ये मोटरसायकल अपघातात गेलेल्या टी. ई. लॉरेन्स यांच्यावर त्यांनी उपचार केले होते. त्यानंतर त्यांनी केलेल्या अभ्यासामुळे ब्रिटिश सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. आज आपण दुचाकीवर जे घालतो त्याची मुळं तिथे आहेत.)

ताणलेला तंतू सहसा जागच्या जागी तुटत नाही, त्याचं कवच गळकं होतं. आतलं पोटॅशियम बाहेर येतं, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा लोंढा सुटतो. हा गोंधळ निस्तरायला पेशींचे पंप जोरात चालू लागतात, त्याला ऊर्जा लागते, ग्लुकोजचा वापर एकदम वाढतो. नेमक्या त्याच वेळी रक्तपुरवठा मात्र कमी झालेला असतो. मागणी वर आणि पुरवठा खाली, असा काही काळ जातो. मग पेशी उलट्या टोकाला जातात आणि त्यांचा ऊर्जेचा वापर नेहमीपेक्षा कमी होतो. उंदरांमध्ये ही मंदी सात ते दहा दिवस टिकते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले गिझा आणि होव्हडा यांनी २००१ मध्ये ही साखळी एकत्र मांडली, आणि पुढची बरीचशी इमेजिंग संशोधनं ती माणसात दिसते का, याच शोधात निघालेली आहेत.

तंतूच्या आत मालवाहतूक करणारे सूक्ष्म रूळही काही ठिकाणी मोडतात. माल तिथे साचतो, तंतू फुगतो आणि काही तंतू कित्येक तासांनी किंवा दिवसांनी तुटतात. हे सगळं मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालतं. सीटी स्कॅन क्ष-किरण किती शोषले गेले एवढंच पाहतो. त्याला ताजं रक्त दिसतं, फुटलेलं हाड दिसतं, सूज दिसते. गळका तंतू दिसण्याचा प्रश्नच नाही.

सीटी हवाच, पण त्याच्या जागी

यामुळे सीटीचं महत्त्व कमी होत नाही. पहिल्या काही तासांत रक्तस्राव आहे का, हा एकच प्रश्न जीवनमरणाचा असतो आणि त्याचं उत्तर सीटी दोन मिनिटांत देतो. डोक्याच्या सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, म्हणून सरसकट सगळ्यांचा काढायचा नसतो. शुद्ध गेलेली, काही आठवत नसलेली किंवा भांबावलेली प्रौढ व्यक्ती असेल तर कॅनडात तयार झालेला २००१ चा नियम जगभर वापरला जातो. पुढच्यापैकी एकही गोष्ट असली तर सीटी काढायचा: दोन तासांनीही पूर्ण भानावर नाही, कवटी फुटल्याची शंका किंवा चिन्हं, दोन किंवा जास्त उलट्या, वय ६५ किंवा पुढे, अपघाताआधीची अर्ध्या तासाहून जास्त आठवण पुसलेली, वाहनाने पादचाऱ्याला उडवणं किंवा तीन फुटांहून वा पाच पायऱ्यांहून जास्त उंचीवरून पडणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा आकडी आली असेल तर हा नियम लावत बसायचं नाही, थेट स्कॅन. घरी आल्यावर डोकेदुखी वाढत गेली, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, उठवूनही नीट जाग येईना, बोलणं अडखळलं, एक बाजू ढिली पडली किंवा नाकाकानातून पाण्यासारखा स्राव आला, तर आधीचा नॉर्मल रिपोर्ट हातात धरून घरी बसू नये.

साध्या एमआरआयची पायरी यापुढची. त्यात ससेप्टिबिलिटी वेटेड इमेजिंग नावाचा क्रम जोडला की रक्तातल्या लोहामुळे चुंबकीय क्षेत्रात होणारा बारीक बदल काळ्या ठिपक्यांसारखा उठून दिसतो, म्हणजे सीटीतून निसटलेले सूक्ष्म रक्तस्राव सापडतात. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय प्रकल्पाच्या २०१३ च्या अभ्यासात, सौम्य मेंदूइजा झालेल्या आणि सीटी नॉर्मल असलेल्या रुग्णांपैकी २७ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये काहीतरी सापडलं. पण याचा अर्थ उरलेल्या जवळपास तीन-चतुर्थांश लोकांचा एमआरआयही कोराच होता. प्रगत तंत्रांचं काम इथून सुरू होतं.

पाणी कुठल्या दिशेने सरकतं

यातलं सर्वांत जास्त वापरलेलं तंत्र म्हणजे डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, थोडक्यात डीटीआय. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे सरकत असतात. ताटात सांडलेलं पाणी चहूकडे पसरतं आणि पन्हळीतलं पाणी एकाच दिशेने जातं, तसंच मेंदूतही होतं: जिथे तंतूंच्या जुड्या समांतर आहेत तिथे पाणी जुडीच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतं आणि आडवं सरकताना तंतूंच्या आवरणांना अडतं. डीटीआय चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलत, किमान सहा आणि चांगल्या स्कॅनमध्ये तीस ते चौसष्ट दिशांनी, हे सरकणं मोजतं.

त्यातून एक आकडा निघतो, फ्रॅक्शनल अॅनायसोट्रॉपी, ज्याला सगळे एफए म्हणतात. शून्य म्हणजे पाणी चहूकडे सारखंच सरकतंय, एक म्हणजे फक्त एकाच दिशेने. दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या जाड पट्ट्यात निरोगी माणसाचा एफए ०.७ ते ०.८ च्या आसपास असतो, मेंदूच्या करड्या भागात, म्हणजे जिथे चेतापेशी दाटलेल्या असतात तिथे, ०.२ किंवा त्याहून कमी. तंतूंची रचना विस्कटली की पाण्याला आडवी वाट मिळते आणि एफए उतरतो. हादऱ्यात कॉर्पस कॅलोसमवर जास्त ताण येतो, त्यामुळे बहुतेक अभ्यास आधी तिथेच पाहतात.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. खरा गुंता पुढे आहे. कन्कशननंतरच्या पहिल्या काही दिवसांतल्या काही अभ्यासांत एफए घटलेला दिसतो, काहींत चक्क वाढलेला. सुरुवातीला पेशी पाणी शोषून फुगतात, तंतूंमधली मोकळी जागा आक्रसते, पाण्याचं आडवं सरकणं आणखी अडतं आणि एफए वर जातो. आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आवरणं झिजली की तो खाली येतो. म्हणजे एकाच इजेत एकच आकडा दिवसागणिक वेगवेगळ्या दिशेने जाऊ शकतो. तिसऱ्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी स्कॅन झालेले रुग्ण एकाच गटात टाकून सरासरी काढली तर दोन्ही बदल एकमेकांना खाऊन टाकतात आणि ‘काहीच फरक नाही’ असा निष्कर्ष निघतो. डीटीआयच्या कुठल्याही अभ्यासात पहिली तपासायची गोष्ट म्हणजे स्कॅन इजेनंतर कितव्या दिवशी झाला.

दुसरी अडचण मोजमापाच्या आकाराची. डीटीआयचा एक घनबिंदू साधारण २ मिमी बाजूचा असतो आणि एक तंतू एका मायक्रॉनच्या आसपास जाड. एका घनबिंदूत लाखो तंतू बसतात, आणि मेंदूच्या पांढऱ्या भागात, म्हणजे तंतूंनी भरलेल्या भागात, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन दिशांच्या जुड्या एकमेकींना छेदून जातात. अशा चौकात पूर्ण निरोगी मेंदूतही एफए कमी येतो. या मर्यादेवर तोडगा म्हणून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने २०१२ मध्ये नॉडी नावाचं प्रारूप मांडलं. त्यात तंतूंची दाटी, त्यांचं विखुरणं आणि मोकळं पाणी यांचे आकडे वेगवेगळे निघतात. त्यासाठी स्कॅन मात्र जास्त वेळ चालतो.

मेंदूची ऊर्जा मोजणारे स्कॅन

रचनेपेक्षा कामकाज मोजणारी तंत्रं सावरण्याचा प्रश्न जास्त थेट विचारतात असं आमचं मत आहे, आणि त्यात मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपीचा क्रम वरचा. यात चित्र निघत नाही, आलेख निघतो. प्रत्येक रसायनाचं शिखर आलेखावर ठरलेल्या जागी येतं: क्रिएटिन ३.०, कोलिन ३.२ आणि एन-असिटाइल अॅस्पार्टेट म्हणजे एनएए २.० पीपीएमला (पीपीएम हे आलेखाच्या आडव्या पट्टीवरचं माप). एनएए चेतापेशींच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, तयार होतं, त्यामुळे पेशीची ऊर्जा खालावली की त्याचं शिखर खुजं होतं.

रोममधल्या वान्योत्झी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कन्कशन झालेल्या ४० खेळाडूंमध्ये हे शिखर पुन्हापुन्हा मोजलं. खेळाडूंचा त्रास ३ ते १५ दिवसांत थांबला होता, एनएए मात्र पूर्ववत व्हायला ३० दिवस लागले. दोन वर्षं आधीच्या त्यांच्याच छोट्या अभ्यासात तीन खेळाडूंना पहिला हादरा पुरता ओसरायच्या आत दुसरा बसला होता. त्यांना सुमारे ४५ दिवस लागले. तीन जणांवरून नियम होत नाही, पण प्राण्यांवरचे प्रयोग याच बाजूने बोलतात: ऊर्जेच्या मंदीत असलेल्या मेंदूवर दुसरा आघात झाला तर नुकसान जास्त होतं.

स्पेक्ट्रोस्कोपीत गफलती कुठे होतात तेही पाहिलं पाहिजे. मेंदूतल्या पाण्याचा सिग्नल या रसायनांच्या सिग्नलपेक्षा हजारो पटींनी मोठा असतो. तो दाबला नाही तर बाकीची शिखरं बुडून जातात. मोजायचा ठोकळा साधारण २ सेंमी बाजूचा, म्हणजे ८ घन सेंमीचा. तो कपाळाच्या हाडाजवळ किंवा सायनसच्या हवेजवळ ठेवला की चुंबकीय क्षेत्र विस्कटतं आणि शिखरं पसरट होऊन एकमेकांत मिसळतात. आणि दुसऱ्या भेटीत ठोकळा काही मिलिमीटर सरकला तर त्यात करड्या आणि पांढऱ्या भागाचं प्रमाण बदलतं, आकडाही बदलतो. मग ती सुधारणा मेंदूची की ठोकळ्याची, हे सांगता येत नाही.

रक्तपुरवठा मोजायला आर्टिरियल स्पिन लेबलिंग वापरतात. इंजेक्शन लागत नाही. मानेतून वर चढणाऱ्या रक्तातल्या पाण्यावर सुमारे १.८ सेकंद चुंबकीय खूण करायची, ते मेंदूत पोचायला तेवढाच वेळ द्यायचा, चित्र घ्यायचं, मग खूण न करता तसंच चित्र घ्यायचं आणि दोन्हींची वजाबाकी करायची. फरक जेमतेम एक टक्क्याचा असतो, म्हणून अशा तीसेक जोड्या घेऊन सरासरी काढतात. निरोगी प्रौढाच्या करड्या भागाला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला ५० ते ६० मिलिलिटर रक्त मिळतं. टोरंटोच्या सेंट मायकल्स हॉस्पिटलमधले चर्चिल, श्वायझर आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या संघांतल्या खेळाडूंचे इजा ताजी असताना, खेळायची परवानगी मिळाली त्या वेळी आणि त्यानंतर वर्षभराने असे स्कॅन केले. त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. परवानगी मिळाली तेव्हा पांढऱ्या भागातल्या पाण्याच्या हालचालीत फरक शिल्लक होता आणि वर्षभरानंतर काही भागांचा रक्तपुरवठा कमी दिसला, जरी खेळाडूंची तब्येत ठीक होती. हा फरक म्हणजे राहिलेली जखम, की मेंदूने बसवलेली नवी घडी, हे या चित्रांवरून ठरत नाही. वाचकाने घाबरून जावं असा हा निष्कर्ष नाही.

फंक्शनल एमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनच्या चढउतारावर चालतं. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये त्याचा पाया घातला. कन्कशनमध्ये बहुतेकदा रुग्णाला काहीही करायला न लावता, नुसतं शांत पडून राहायला सांगून सहा ते दहा मिनिटं नोंद घेतात आणि मेंदूचे कुठले भाग एका लयीत चढतात-उतरतात ते पाहतात. केंब्रिजमधल्या गटाने युरोपातल्या सेंटर-टीबीआय प्रकल्पातल्या सौम्य इजेच्या १०८ रुग्णांची ७६ निरोगी व्यक्तींशी तुलना केली (२०२३). थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मध्यावरचं संदेशवाटप केंद्र, इजेनंतरच्या दिवसांत बाकीच्या मेंदूशी नेहमीपेक्षा जास्त जोडलेला आढळला, आणि ही जादा जोडणी पुढे रेंगाळणाऱ्या त्रासाशी निगडित होती. नेहमीच्या स्कॅनमध्ये त्याच थॅलॅमसच्या रचनेत दोष दिसत नव्हता. जवळपास निम्मे रुग्ण सहा महिन्यांनी पूर्ण सावरलेले नव्हते, ही त्या अभ्यासातली आम्हाला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद.

मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी, म्हणजे एमईजी, मेंदूच्या विजेतून उठणारं अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र थेट टिपतं. हादऱ्यानंतर जागेपणीही १ ते ४ हर्ट्झच्या संथ लहरी त्यात दिसू शकतात. ही यंत्रं फार थोड्या ठिकाणी आहेत. भारतात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि दिल्लीच्या एम्समध्ये आहेत, पण त्यांचा मुख्य उपयोग अपस्मारासाठी होतो.

मग एका रुग्णासाठी हे का चालत नाही

वरचे सगळे निष्कर्ष गटांचे आहेत. कन्कशन झालेल्यांची सरासरी निरोगी लोकांच्या सरासरीपेक्षा वेगळी निघाली, एवढंच ते सांगतात. निरोगी लोकांचे आकडे आपापसातच इतके पसरलेले असतात की समोरच्या रुग्णाचा एफए त्या पसाऱ्यात आरामात बसतो. त्याचा आकडा इजेआधी किती होता ते कुणालाच माहीत नसतं. वय, जुनी मायग्रेन, नैराश्य, झोपेचा अभाव, दारू, लहानपणी अभ्यासात आलेल्या अडचणी यांनीही तो हलतो. काटेकोर अभ्यासांत म्हणूनच निरोगी लोकांसोबत हातपाय मोडलेल्या, पण डोक्याला मार न बसलेल्या रुग्णांचाही गट घेतात. अपघाताचा धक्का, वेदना आणि औषधं त्यांच्याही वाट्याला आलेली असतात.

आकडेमोडीतही एक सापळा आहे. डीटीआयसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका नकाशात पांढऱ्या भागाचे ४८ तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्याला ‘निरोगी लोकांतल्या ९५ टक्क्यांच्या बाहेर’ हा निकष लावला, तर ठणठणीत माणसातही सरासरी दोन-तीन तुकडे ‘असामान्य’ निघणारच. ते तुकडे लाल रंगात दाखवून त्यांची सांगड डोकेदुखीशी घालणं सोपं असतं. अमेरिकेत नुकसानभरपाईच्या खटल्यांत अशी रंगीत चित्रं पुरावा म्हणून मांडली जातात. हा विज्ञानाचा दुरुपयोग आहे असं आम्ही स्पष्ट म्हणू.

त्यात यंत्रांचा फरक. एकाच माणसाचा दोन कंपन्यांच्या सारख्याच ताकदीच्या (३ टेस्ला) यंत्रांवर घेतलेला एफए जुळत नाही. एकाच यंत्राचं सॉफ्टवेअर बदललं तरी आकडा सरकतो. हा फरक संख्याशास्त्राने काढून टाकायच्या पद्धती आल्या आहेत, पण त्यांना प्रत्येक यंत्रावरच्या बऱ्याच लोकांचे स्कॅन लागतात. २०२२ च्या ऑक्टोबरात ॲमस्टरडॅमला झालेल्या क्रीडा-कन्कशन परिषदेचं निवेदनही प्रगत चित्रण संशोधनापुरतंच ठेवतं. ‘डीटीआय केला की मेंदूची खरी स्थिती कळेल’ असं कुणी सुचवलं तर एकच प्रश्न पुरेसा आहे: या स्कॅनचा निकाल अमुक आला तर माझ्या उपचारात नेमकं काय बदलणार आहे?

संशोधनात भाग घेत असाल तर

अशा अभ्यासात सहभागी व्हायची संधी मिळाली तर ती जरूर घ्यावी. एका बैठकीत साधारणपणे रचनेचं १ मिमीचं चित्र पाच-सहा मिनिटं, डीटीआय सहा ते दहा, शांत अवस्थेतलं फंक्शनल स्कॅन तेवढंच, रक्तपुरवठा आणि सूक्ष्म रक्तस्रावाचे स्कॅन प्रत्येकी चार-पाच मिनिटं चालतात. स्पेक्ट्रोस्कोपी धरली तर पाऊण तास ते एक तास लागतो.

चहा-कॉफीबद्दल विचारतील तेव्हा नेमकं सांगा. सुमारे २५० मिलिग्रॅम कॅफिनने, म्हणजे दोन-तीन कप कॉफीने, मेंदूचा रक्तपुरवठा पाव हिश्श्याच्या आसपास घटतो. हा फरक कन्कशनच्या फरकाला सहज झाकून टाकेल. रोज कॉफी पिणाऱ्याने एकदम सोडली तर उलटा परिणाम होतो, म्हणून दोन्ही भेटींना सारखीच सवय आणि शक्यतो दिवसाची तीच वेळ. दातांना तारा लावलेल्या असतील तर आधीच कळवा, त्यांच्यामुळे कपाळामागचा भाग चित्रात वितळल्यासारखा दिसतो. यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि हादरा बसलेल्याला आवाज नकोसा असतो, तेव्हा कानात बोळे आणि वर हेडफोन, दोन्ही मागून घ्या.

डोकं हलवू नका असं दहादा सांगतात त्यामागे कारण आहे. दोन चित्रांमध्ये मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी हालचालही फंक्शनल स्कॅनमध्ये खोट्या जोडण्या तयार करते. जवळचे भाग जास्त जोडलेले आणि दूरचे कमी जोडलेले दिसू लागतात. डोकं दुखणारा रुग्ण निरोगी माणसापेक्षा जास्त चुळबुळ करतो, त्यामुळे ही चूक नेमकी ‘कन्कशनचा परिणाम’ म्हणून नोंदली जाण्याची भीती असते. आणि डोळा लागू देऊ नका. झोपलेल्या मेंदूच्या जोडण्या वेगळ्याच असतात. तसं झालंच तर स्कॅन संपल्यावर सांगून टाका.

या चित्रांनी रुग्णासाठी काय बदललं

२०१६ च्या बर्लिनमधल्या क्रीडा-कन्कशन परिषदेसाठी झालेल्या आढाव्यात या सगळ्या तंत्रांचे अभ्यास एकत्र तपासले गेले. मेंदूचं शरीरक्रियेच्या पातळीवरचं सावरणं लक्षणांच्या मागे रेंगाळू शकतं, म्हणून त्रास थांबल्यानंतरही हळूहळू श्रम वाढवण्याचा, पण डोक्याला धक्का न लागू देण्याचा एक मधला काळ ठेवावा, असं त्यातून निघालं. खेळात परतण्याच्या आजच्या सहा पायऱ्या या विचाराशी जुळतात.

पहिली पायरी: २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती. अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं नाही, घरातल्या घरात वावरायचं, मोबाईल-टीव्ही कमीत कमी. दुसऱ्या पायरीवर चालणं किंवा स्थिर सायकल. कमाल हृदयगतीच्या ५५ टक्क्यांपर्यंत, ते जमलं की ७० टक्क्यांपर्यंत. वीस वर्षांच्या मुलासाठी हे मिनिटाला साधारण ११० आणि १४० ठोके. दहापैकी दोन गुणांपेक्षा जास्त त्रास वाढला तर त्या दिवशी थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं. थोडासा वाढलेला आणि तासाभरात ओसरणारा त्रास चालतो. तिसऱ्या पायरीवर एकट्याने खेळाचा सराव. चौथी म्हणजे धडक नसलेला संघासोबतचा सराव, पाचवी पूर्ण सराव, सहावी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. चौथीपासून पुढे जायला त्रास पूर्ण थांबलेला हवा आणि डॉक्टरांची परवानगी हवी. अभ्यासांच्या सरासरीनुसार खेळाडूंचा त्रास १४ दिवसांत थांबतो आणि खेळात परतायला सुमारे २० दिवस लागतात.

लवकर हालचाल सुरू करण्याला चांगला आधार आहे. बफेलो विद्यापीठातले लेडी आणि सहकारी यांनी २०१९ मध्ये १३ ते १८ वयाच्या १०३ मुलांचे दोन गट केले. मोजून व्यायाम करणारे १३ दिवसांत सावरले, फक्त ताणाचे व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले.

मैदानावरचा पहिला निकाल अंतिम का धरू नये याचं उदाहरण क्रिकेटप्रेमींना आठवत असेल. १७ ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागून स्टीव्ह स्मिथ कोसळला, तपासणीत उत्तीर्ण होऊन पुन्हा फलंदाजीला आला, आणि त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी उमटला. मार्नस लाबुशेन कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. आयसीसीचा तो नियम लागू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. आपल्याकडे गावोगावच्या कबड्डी आणि टेनिस बॉल स्पर्धांत बदली खेळाडू घेता येतो की नाही, हे आयोजकांनी आधीच ठरवून जाहीर केलं पाहिजे. नाहीतर संघ खेळाडूला रेटून उभं करतो.

चार आठवडे उलटूनही त्रास राहिला तर नवा स्कॅन शोधत फिरण्यापेक्षा तीन जागा तपासून घ्याव्यात. मानेचे वरचे सांधे आणि स्नायू: डोकं ज्या झटक्याने हलतं त्याच झटक्यात तेही दुखावतात आणि तिथून डोकेदुखी वर चढते. फिजिओथेरपीने ती सुधारते. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा: कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद सगळं गोल फिरत असेल तर कानातले कण जागचे हलल्याची शक्यता असते. डॉक्टर डोकं वळवून झोपवून ते पाच मिनिटांत ओळखतात आणि एप्ली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते कण जागेवर आणतात. आणि डोळ्यांची जोडी: पेनाचं टोक नाकाकडे आणताना ते ६ सेंमीपेक्षा बरंच दूर असतानाच दोन दिसू लागलं, तर जवळचं पाहताना डोळे एकत्र वळत नाहीत. वाचताना डोकं ठणकण्याचं हे एक नेहमीचं कारण, आणि त्यावर डोळ्यांचे व्यायाम आहेत.